आबांचं नाक

"डॉक्टर, हे असे तिरके का हसतायत?" मावशींनी विचारलं आणि मी आबांच्या हातातला आरसा हळूच काढून घेतला.

आबा कराडकडचे, वय ७२, तोंडात एकही दात नाही. त्या दिवशी मेणात लावलेले दात घालून बघायचे होते. मला हा टप्पा सगळ्यात आवडतो. मेण आहे तोवर दात हलवता येतो. एकदा कवळी ॲक्रिलिकची झाली की बसा घासत.

मागच्या खेपेला हिरडीवर बसणाऱ्या मेणाच्या पट्टीवर मी रेघा मारल्या होत्या. चेहऱ्याच्या मध्यावर एक, ओठांच्या कोपऱ्यांपाशी दोन, आणि हसताना वरचा ओठ जिथवर चढतो तिथे एक आडवी. मधल्या रेघेवर पुढचे दोन दात भेटतात, कोपऱ्यांच्या रेघांमध्ये सुळ्यापासून सुळ्यापर्यंतचे सहा दात मावायचे असतात, आडवी रेघ दाताची उंची सांगते. रुंदीसाठी चेहरा मोजला होता: गालांच्या हाडांपाशी १३६ मिलिमीटर, भागिले १६, म्हणजे पुढचा दात साडेआठचा. पट्टीची खालची कड समोरून दोन्ही बुबुळांच्या रेघेला समांतर, बाजूने नाकपुडीपासून कानाकडे जाणाऱ्या रेघेला समांतर. सगळं नीट केलं होतं.

दोन दिवसांनी लॅबमधून टेक्निशियनचा फोन आला. "मॅडम, जबड्याच्या मॉडेलवर पॅपिला आणि तुमची मधली रेघ जुळत नाही. तीन मिलिमीटरचा फरक आहे."

पॅपिला म्हणजे वरच्या पुढच्या दोन दातांच्या मधोमध, मागे टाळूवर असतो तो छोटा मांसल उंचवटा. जीभ लावली तर तुम्हालाही लागेल. दात पडतात, हाड झिजतं, पण हा राहतो. त्याच्या मध्यापासून साधारण ८ ते १० मिलिमीटर पुढे मूळच्या दातांचा दर्शनी भाग असायचा, म्हणून दात किती पुढे घ्यायचे तेही त्यालाच विचारतात. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "माझ्या रेघेनेच लाव." ओपीडीत गर्दी होती, हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

आता आबांना खुर्चीवरून उठवून समोर सरळ उभं केलं आणि चार पावलं मागे गेले. बुबुळांच्या मधोमध दोरा धरला. तो ओठावरच्या खाचेतून हनुवटीवर सरळ उतरला. नाकाचा शेंडा मात्र आबांच्या उजवीकडे. आणि माझे दात नाकाच्या शेंड्याखाली.

"आबा, नाकाला काही लागलं होतं का कधी?"

उत्तर मावशींनी दिलं. "लग्नात सरळ होतं की! नंतर जत्रेत कबड्डी खेळताना मोडून घेतलं." पिशवीतून लग्नाचा फोटो निघाला. दातांचा अंदाज घ्यायला मीच मागवला होता, पण तेव्हाच्या लग्नाच्या फोटोत हसतं कोण? दोघंही तोंड घट्ट मिटून. नाक मात्र सरळ.

स्पिरिटचा दिवा लावला. सहाही दात मऊ मेणातून सोडवले आणि दोऱ्याखाली पुन्हा बसवत आणले. सुळ्यांसाठी नाकपुडीच्या कडेवरून खाली रेघ सोडण्याचीही एक रीत आहे. ती आबांच्या बाबतीत बादच. मग आकडे म्हणायला लावले. पुस्तकातले 'फिफ्टी'सारखे इंग्रजी आकडे आमच्या पेशंटना फारसे उपयोगी नाहीत, आणि आपल्याकडचा 'फ' पुष्कळजण दोन्ही ओठ मिटून म्हणतात, त्यावरून काय कळणार? पण 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला टेकते. म्हणून मी विसाच्या पुढच्या मोजणीत शिरते: बावीस, तेवीस, चोवीस, सव्वीस. 'व' दातांची लांबी दाखवतो, 'स'ला शिट्टी वाजली तर वरखालच्या दातांतलं अंतर चुकलंय.

आबांनी खणखणीत मोजलं. शिट्टी नाही. मावशींनी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता हे आमचे."

संध्याकाळी लॅबला फोन केला. टेक्निशियनने एवढंच विचारलं, "किती सरकवलेत?"

"अडीच."

"मी तीन म्हणालो होतो."