चढावरचा वेग

गोव्यात पर्वरीच्या पठारावरून सुकूरच्या बाजूला उतरणाऱ्या डोंगराच्या कुशीत आमची वसाहत आहे. मुख्य फाटक तळाशी, आणि शेवटची घरांची रांग वर, आंब्याच्या दोन जुन्या झाडांपाशी. फाटकापासून त्या रांगेपर्यंतचे अंतर जेमतेम ९०० मीटर असले, तरी त्यातले शेवटचे २५० मीटर अंगावर येणाऱ्या चढाचे आहेत. माझी आई त्याच रांगेत राहते आणि तिचे वय ८१ आहे. सकाळी पदेर पावाची सायकल घेऊन फाटकापर्यंत येतो, भाजीचा टेंपो फाटकाशीच थांबतो आणि औषधांचे दुकानही फाटकाबाहेरच आहे. गुडघे दुखू लागल्यापासून तिने खाली येणे हळूहळू सोडून दिले. वरच्या रांगेतल्या आणखी सात-आठ वयस्कर माणसांचीही हीच स्थिती आहे. म्हणून वसाहतीच्या समितीने गेल्या वर्षी एक सहा आसनी विजेची बग्गी घेण्याचे ठरवले. बारावीच्या मुलांना मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले असल्यामुळे निवडीचे काम माझ्याकडे आले.

मूळची गोल्फच्या मैदानासाठी तयार झालेली ही गाडी आपल्याकडे हॉटेलांत आणि रिसॉर्टांत बग्गी याच नावाने ओळखली जाते. तिच्याविषयी प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, तो म्हणजे ती किती पळते. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांतही तोच आकडा ठळक अक्षरांत असतो, बहुधा ताशी २० ते २५ किलोमीटर. हा आकडा खोटा नसतो. तो सपाट रस्त्यावरचा, पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीचा आणि बऱ्याचदा एकट्या चालकाचा असतो, एवढेच. गोव्यातील वसाहतींचे रस्ते असे क्वचितच असतात. पर्वरी, दोनापावला, बांबोळी, कदंब पठार, जिथे म्हणून नव्या वसाहती उभ्या राहिल्या, तिथे त्या पठाराच्या कडेवर किंवा उतारावर आहेत. अशा ठिकाणी सपाटीवरचा वेग विचारून काहीच कळत नाही. विचारायचा तो पूर्ण भरलेल्या गाडीचा चढावरचा वेग, आणि त्यासाठी आधी आपला चढ नेमका किती आहे हे ठाऊक असावे लागते.

आम्ही तो मोजला. गवंडी पातळी पाहण्यासाठी पाणी भरलेली जी पारदर्शक नळी वापरतात, तीच घेऊन वसाहतीत काम करणाऱ्या एका गवंड्याच्या मदतीने दर दहा मीटरवर उंचीतला फरक टिपला. पंचवीस वेळा मोजून झाल्यावर बेरीज साडेबावीस मीटर आली. म्हणजे २५० मीटरमध्ये साडेबावीस मीटर चढ, सरासरी ९ टक्के. डोळ्यांना तो याहून अधिक वाटतो, आणि समितीतले काही जण तर तो वीस टक्के आहे असेच धरून चालले होते. ज्यांना बग्गी घ्यायची आहे त्यांनी इतर काही करण्याआधी हे मोजमाप करावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्याला एक सकाळ पुरते.

आता त्या ९ टक्क्यांचा अर्थ पाहू. सहा आसनी बग्गीचे वजन साधारण ६०० किलो आणि सहा माणसांचे मिळून सुमारे ३९० किलो, म्हणजे एकूण जवळजवळ १,००० किलो. ९ टक्के चढावर ही गाडी ९० किलोच्या जोराने मागे खेचली जाते. टायरांच्या घर्षणाचे साधारण २० किलो त्यात मिळवले, तर मोटरला ११० किलोच्या ओढीविरुद्ध काम करावे लागते. सपाटीवर हीच ओढ फक्त २० किलोची असते, म्हणून ताशी २५ किलोमीटर वेगाला चाकांवर दीड किलोवॅटपेक्षाही कमी शक्ती पुरते. चढावर मात्र ताशी १५ किलोमीटर वेग हवा असेल, तरी साडेचार किलोवॅट लागतात. सपाटीवर दोन मोटरींमध्ये काहीच फरक जाणवत नाही आणि चढाला लागताच एक कण्हू लागते, याचे कारण हेच.

पहिली बग्गी चाचणीसाठी आली तिची मोटर ३ किलोवॅटची होती. फोनवर वेग मोजत आम्ही निघालो. खालच्या रस्त्यावर तिने ताशी २४ किलोमीटरचा वेग गाठला आणि सगळे खूश झाले. चढावर सहा जणांना घेऊन ती ताशी १० किलोमीटरपर्यंत खाली आली, आणि तिसऱ्या फेरीनंतर आसनाखालून तापल्याचा वास येऊ लागला. मोटर थोडा वेळ आपल्या नेमून दिलेल्या शक्तीपेक्षा जास्त काम करू शकते, पण ती जास्तीची शक्ती उष्णतेच्या रूपाने परत भोगावी लागते. म्हणून माहितीपत्रकात शक्तीचे दोन आकडे असतील, तर मोठा आकडा क्षणिक आणि लहान आकडा सततचा, हे ओळखून लहान आकड्यावरच हिशेब करावा.

त्या विक्रेत्याने यावर जो उपाय सुचवला, तो अनेकांना सुचवला जात असणार, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. वेग कमी वाटत असेल तर मोठे टायर बसवून देतो, असे तो म्हणाला. या गाड्यांमध्ये मोटरचे साधारण साडेबारा फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. मोटर मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर चाक ३२० फेरे घेते. नेहमीचा १८ इंची टायर एका फेऱ्यात सुमारे १.४४ मीटर पुढे जातो, म्हणजे ताशी साडेसत्तावीस किलोमीटर. टायर २२ इंची केला, तर त्याच मोटरवर तोच वेग ताशी ३३-३४ किलोमीटर होतो. परंतु चाकाचा व्यास वाढला की रस्त्यावर पडणारा जोर त्याच प्रमाणात घटतो. इथे तो जवळपास १८ टक्क्यांनी घटेल. म्हणजे जिथे वेग कमी पडत नव्हता तिथे तो वाढेल, आणि जिथे गाडी आधीच धापा टाकत होती तिथे ती अधिकच दमेल. शिवाय ब्रेक मूळच्या टायरांच्या हिशेबाने बसवलेले असतात. हा उपाय आम्ही नाकारला.

दुसरी बग्गी ५ किलोवॅटच्या एसी, म्हणजे प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहावर चालणाऱ्या मोटरची होती. सपाटीवर ती पहिलीपेक्षा वेगवान नव्हती, कारण तिचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारा भाग, ताशी २५ किलोमीटरला बांधलेला होता. चढावर तेच सहा जण घेऊन तिने ताशी १६ किलोमीटरचा वेग शेवटपर्यंत टिकवला. आईला मुद्दाम या फेरीत बसवले होते. वर पोचल्यावर ती एवढेच म्हणाली, "ही दमली नाही गो."

समितीतील तरुण मंडळींना ताशी ४० किलोमीटरची गाडी हवी होती, आणि त्यांच्या म्हणण्याचा मी मनापासून विचार केला. फाटकापासून वरपर्यंतचे ९०० मीटर सरासरी ताशी १८ किलोमीटरने तीन मिनिटांत संपतात, तर ताशी २५ किलोमीटरने दोन मिनिटे दहा सेकंदांत. वाचणारा वेळ एका मिनिटाहूनही कमी आहे. त्याची किंमत मात्र ब्रेक लावताना मोजावी लागते. चालकाला धोका उमगायला एक सेकंद लागतो आणि ओल्या रस्त्यावर दर सेकंदाला वेग ताशी ११ किलोमीटरने कमी होतो असे धरले, तर ताशी २० किलोमीटरवरून गाडी सुमारे ११ मीटरांत थांबते आणि ताशी ४० वरून तिला ३१ मीटर लागतात. आमच्या वळणावर पुढचे वीस मीटरही दिसत नाहीत. ज्या गाडीला दारे नाहीत, जिच्यात म्हातारी माणसे पिशव्या मांडीवर घेऊन बसणार आहेत, आणि जिच्या रस्त्यावर मुले सायकली चालवतात, तिला हा वेग देणे मला पटले नाही.

ताशी ४० चा आकडा येतो कुठून, हेही सांगायला हवे. अमेरिकेत १९९८ साली कमी वेगाच्या वाहनांचा एक स्वतंत्र वर्ग नियमांत आला. ताशी ३२ ते ४० किलोमीटर वेगाच्या अशा गाडीला दिवे, इंडिकेटर, आरसे, पुढची काच आणि सीट बेल्ट असले, तर ती तिथल्या ठराविक रस्त्यांवर नेता येते. तिथल्या जाहिरातींतील 'रस्त्यावर चालवण्यास मान्य' हे शब्द त्या नियमांना धरून असतात. इथला एक विक्रेता तेच शब्द मला गोव्यासाठी सांगत होता, आणि ते बरोबर नव्हते. आपल्याकडे १९८८ च्या मोटर वाहन कायद्यातील मोटर वाहनाच्या व्याख्येतून फक्त कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली खास वाहने वगळली आहेत. बाहेर सार्वजनिक रस्त्यावर आले की नोंदणी, विमा आणि परवाना लागू होतो, आणि नोंदणीसाठी त्या मॉडेलला मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते. ई-रिक्षाची सवलत तरी मिळेल का, असे आमच्यापैकी एकाने विचारले होते. ती व्याख्या तीन चाकांच्या, ४,००० वॅटपर्यंतच्या वाहनापुरती आहे, त्यामुळे चार चाकांची बग्गी तिच्यात बसत नाही.

म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ ओलांडून बाजारात जाण्याचे जे स्वप्न आम्ही सुरुवातीला पाहिले होते, ते सोडून द्यावे लागले. मला त्याचे वाईट वाटले, कारण आईला देवळापर्यंत नेता येईल अशी आशा मी धरली होती. पण त्या महामार्गावरची वर्दळ ज्याने पाहिली आहे, तो कायदा नसता तरी तिथे बग्गी नेणार नाही. आणखी एक गोष्ट आधी तपासावी. वसाहतीचे अंतर्गत रस्ते पंचायतीच्या ताब्यात दिलेले असतील, तर केवळ फाटक आहे म्हणून त्यांना बंदिस्त आवार म्हणता येईलच असे नाही. आम्ही कागदपत्रे काढून खात्री करून घेतली, तेव्हाच पुढे गेलो.

उतरणीचा विचार चढणीइतकाच करावा लागतो, आणि तो फार थोडे जण करतात. अनेक साध्या बग्ग्यांना फक्त मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. उतारावर गाडीचे वजन पुढच्या चाकांवर झुकते, म्हणजे ज्या चाकांना ब्रेक आहेत त्यांचीच रस्त्यावरची पकड कमी होते. त्यात आमच्या वळणावर जूनपासून चिऱ्याच्या भिंतीच्या कडेने शेवाळ धरते. म्हणून चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक ही आमची अट होती. एसी मोटर घेण्याचेही मोठे कारण हेच होते. उतरताना ती स्वतःच जनित्रासारखी चालून गाडीला आवरते आणि ती वीज बॅटरीत परत घालते. मात्र बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल, तर ही वीज घ्यायला तिच्यात जागा नसते आणि मोटरचे आवरणे कमी होते. आमचा चार्जर आधी वर, समितीच्या खोलीशेजारी बसवायचा होता. तसे केले असते, तर रोज सकाळी भरलेल्या बॅटरीने पहिलीच फेरी तीव्र उतारावरून झाली असती. चार्जर फाटकाजवळच्या पत्र्याच्या छपराखाली हलवला, आणि साऱ्या निवडप्रक्रियेत या एका बदलाचे मला सर्वांत जास्त समाधान आहे.

बॅटरीच्या बाबतीत निर्णय लवकर झाला. ४८ व्होल्टसाठी ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या लागतात, प्रत्येकी जवळपास २९ किलोच्या, म्हणजे एकूण सुमारे १७५ किलो. तेवढ्याच फेऱ्या देणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरते, कारण लेड-ॲसिडची निम्मीच क्षमता वापरणे हिताचे असते, तर लिथियमची ऐंशी टक्के निर्धास्त वापरता येते. चढावर जवळजवळ दोन माणसांचे वजन कमी होते. लेड-ॲसिडचा विद्युतदाब (व्होल्टेज) बॅटरी उतरत जाईल तसा घसरतो आणि संध्याकाळची फेरी सकाळपेक्षा मंद होते. लिथियमचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत सारखा राहतो. चढासह पूर्ण फेरीला आमच्या हिशेबाने पाव युनिट वीज लागते, त्यामुळे एका चार्जमध्ये सोळा-सतरा फेऱ्या निघतात आणि आमची गरज दहाची आहे. लिथियमची किंमत जास्त आहे, पण दर काही दिवसांनी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणारा माणूस आमच्याकडे नव्हता.

खारी हवा आणि पावसाळा यांसाठी ॲल्युमिनियमची चौकट, धूळ आणि पाणी आत न शिरू देणारा आयपी६७ दर्जाचा कंट्रोलर आणि बाजूंना गुंडाळता येणारे पडदे, एवढे मागून घेतले.

बग्गी मे महिन्यात आली. कंट्रोलरमध्ये वेगाची मर्यादा ताशी २० किलोमीटरला बांधून घेतली आणि ती बदलण्याची मुभा फक्त विक्रेत्याच्या तंत्रज्ञाकडे ठेवली. पाऊस सुरू होण्याआधी वळणावरचे शेवाळ ब्रशने घासून काढले, आणि ते दर पंधरवड्याला घासायचे काम आता माळ्याच्या यादीत आहे. चवथीच्या आदल्या दिवशी आई चार वर्षांनंतर प्रथमच माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या सजावटीचे, सामान निवडायला स्वतः फाटकाशी उतरली. परत येताना बग्गीत सहा माणसे होती. पायांशी नारळ, चिबडे, सुपाऱ्यांचे घोस आणि कांगलांचे हार होते, आणि पाऊस कोसळत होता. मी फोनवर आकडा पाहत होते. चढावर तो ताशी १५ वर स्थिर राहिला.