दारातली सेवा

"येणाऱ्याला सगळेच सलाम करतात रे. जो आला नाही, त्याला कोण विचारतं?"

आज चर्चमधल्या उपासनेनंतर एक मावशी एका मुलाला हे म्हणाल्या. तो नोकरीसाठी नुकताच गावाहून पुण्यात आलाय. गायनमंडळात जावं तर गळा नाही, संडे स्कूलला शिकवायचं तर बोलायची भीती. "मी काय करू इथं?" त्यानं फार कळकळीनं विचारलं होतं.

मावशी म्हणाल्या, "पुढच्या रविवारी माझ्यासोबत दारात उभा राहा."

गीतपुस्तकं वाटता वाटता त्या नजरेनं बाकं मोजतात, हे मला आजच कळलं. तिसऱ्या बाकावरचे काका दिसले नाहीत, तर दुपारी त्यांच्या घरी फोन जातो. कुणी सांगितलेलं नाही, पाळकसाहेबांच्या कुठल्याही यादीत हे काम नाही.

सेवा म्हटलं की आपल्याला व्यासपीठच दिसतं: उपदेश, पेटी-तबला, वार्षिक सभेतली निवडणूक. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात प्रेषित पौल तर सांगतो की शरीराचे जे अवयव अशक्त वाटतात, तेच आवश्यक आहेत. हा उतारा आपण दरवर्षी वाचतो, आणि नव्या माणसाला मात्र पहिल्याच भेटीत विचारतो, "गाता येतं का?"

येत नसेल, तर पुढचा प्रश्न आपल्याकडे असतो का?

तुमच्या मंडळीत न आलेल्यांची आठवण कोण ठेवतं? नक्की लिहा. त्या मुलाला वाचून दाखवीन म्हणते.