आमची वाटचाल : एका ‘स्टेट’ फाइलीभोवती वाढलेलं काम

फेब्रुवारी २०१३ मध्ये पुण्यात सी-डॅकचा ‘परम युवा-२’ सुरू झाला. ५२४ टेराफ्लॉप्स शिखर क्षमतेच्या त्या महासंगणकात इंटेलची झिऑन फाय कोप्रोसेसर कार्डं, म्हणजे मुख्य प्रोसेसरला गणनेत हातभार लावणारी जोडकार्डं, होती. त्यानंतर लहान प्रयोगशाळा आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं आमच्याकडे एकच मागणी घेऊन यायला लागली : एक-दोन कार्डं घेऊन द्या आणि चालू करून द्या. घेऊन देणं सोपं होतं. चालू करून देणं आणि चालू ठेवणं, हाच पुढे आमचा व्यवसाय झाला.

सर्व्हर जोडणी आणि वार्षिक देखभाल हे आमचं मूळ काम. पण हे कार्ड ग्राफिक्स कार्डासारखं खोचलं की झालं, असं नव्हतं. ५११०पी हे मॉडेल घ्या : ६० कोर, दर कोरला ४ थ्रेड, ८ गिगाबाइट जीडीडीआर-५ मेमरी, २२५ वॉट. त्यावर स्वतःचं लिनक्स चालतं. म्हणजे एका डब्यात दोन संगणक. कार्डाला डिस्क नाही, त्यामुळे त्याचं कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि रॅमडिस्क (मेमरीत उघडणारी सुरुवातीची फाइलप्रणाली) दर वेळी होस्टनं, म्हणजे कार्ड बसवलेल्या मुख्य संगणकानं, पीसीआय बसवरून पोहोचवायचं आणि कार्डाला उठवायचं. हे उठवणं, झोपवणं, तब्येत विचारणं सगळं होस्टच्या सिसएफएसमधल्या (कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतं त्या जागेतल्या) काही मजकुरी फाइलींतून होतं. इंटेलच्या एमपीएसएस या कार्डासाठीच्या सॉफ्टवेअर संचात त्यासाठी ‘मिककंट्रोल’ नावाचं साधन होतं, पण तेही शेवटी याच फाइलींशी बोलतं. आम्ही पहिल्यापासून ग्राहकाच्या माणसाला साधनाआधी फाइली शिकवल्या. साधन अडकलं की नुसतं ‘अयशस्वी’ एवढंच सांगतं, फाइल मात्र कार्ड नेमकं कुठे थांबलंय ते दाखवते.

सुरुवातीच्या निम्म्या तक्रारी मात्र फाइलींपर्यंत पोहोचायच्याच नाहीत, बायोसमध्येच (मदरबोर्डच्या सुरुवातीच्या मांडणीत) अडायच्या. ५११०पी आपली मेमरी होस्टला दाखवण्यासाठी ८ गिगाबाइटची सलग पत्ताजागा मागतं. ३२ बिटांच्या पत्त्यांत, म्हणजे ४ गिगाबाइटच्या आत, ती बसणं शक्यच नाही. बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ हा पर्याय चालू करावाच लागतो. तो पर्याय नसलेले डेस्कटॉप मदरबोर्ड आम्ही दरपत्रकातच नाकारतो. पर्याय असूनही इतकी मोठी जागा पेलता न आल्यामुळे सुरू होतानाच अडकणारे बोर्डही पाहिले, म्हणून आता कार्ड लावून बघितल्याशिवाय बोर्ड पक्का करत नाही. तपासणी सोपी आहे : ‘एलएसपीसीआय’ या, पीसीआय उपकरणांची यादी देणाऱ्या आज्ञेचा सविस्तर अहवाल काढायचा आणि कार्डाच्या नोंदीत रीजन ०ला, म्हणजे पहिल्या पत्ताजागेला, ८जी आकार मिळालाय का ते बघायचं. मिळाला नसेल तर ड्रायव्हर कितीही वेळा बसवा, काही होणार नाही.

जागा मिळाली, ड्रायव्हर चढला, की /सिस/क्लास/मिक/मिक०/ ही डिरेक्टरी दिसते (‘मिक’ हे ड्रायव्हरमधलं या कार्डांचं नाव). त्यातली ‘स्टेट’ ही फाइल वाचली की ‘रेडी’ हा शब्द यायला हवा. मग त्याच फाइलीत लिहायचं. एमपीएसएसच्या ड्रायव्हरला एकाच ओळीत सगळं द्यावं लागतं : ‘बूट’, मग ‘लिनक्स’, मग कर्नल प्रतिमेचा मार्ग, मग रॅमडिस्कचा मार्ग, मध्ये अपूर्णविराम. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये ३.१३ पासून आलेल्या ड्रायव्हरची पद्धत वेगळी. तिथे ‘फर्मवेअर’, ‘रॅमडिस्क’, ‘सीएमडीलाइन’ आणि ‘बूटमोड’ या चार फाइली आधी भरायच्या आणि ‘स्टेट’मध्ये नुसतं ‘बूट’ लिहायचं. दोन्ही ड्रायव्हर एकाच कार्डावर हक्क सांगतात. म्हणून एमपीएसएस वापरायचं असेल तर मुख्य कर्नलचा ‘मिक होस्ट’ मॉड्यूल ब्लॅकलिस्टमध्ये (न चढवायच्या यादीत) टाकतो, नाहीतर जो आधी चढेल तो कार्ड धरून बसतो.

इथे नव्या माणसाचा हमखास एक तास जातो. तो ‘सूडो एको बूट’ लिहून पुढे बाण काढून फाइलीचं नाव देतो आणि परवानगी नाकारली जाते. सूडोनं मिळणारा प्रशासकाचा हक्क फक्त ‘एको’ या मजकूर छापणाऱ्या आज्ञेला लागू होतो, बाणाची फाइल उघडायचं काम त्याचं साध्या हक्काचं शेलच करत असतं. ‘एको’चं आउटपुट पाइपनं ‘सूडो टी’कडे (‘टी’ ही मजकूर फाइलीत लिहिणारी आज्ञा) द्यायचं, की काम होतं. लिहिल्यावर फाइल परत परत वाचत राहायची : ‘बूटिंग’, थोड्या वेळानं ‘ऑनलाइन’. मग १७२.३१.१.१ या कार्डाच्या नेटवर्क पत्त्यावर एसएसएचनं आत शिरायचं. तिथे पासवर्ड मागितला, तर बहुधा ‘इनिटडिफॉल्ट्स’ ही मिककंट्रोलची प्रारंभिक मांडणी चालवायच्या आधी होस्टवर एसएसएचच्या चाव्या तयार केलेल्या नसतात. चाव्या करा, प्रारंभिक मांडणी परत चालवा, कार्ड परत उठवा. मिक० हा नेटवर्क इंटरफेस नेटवर्कमॅनेजर या होस्टवरच्या सेवेच्या ताब्यातून काढायलाही विसरू नका.

कार्ड ‘रेडी’लाच येत नसेल तर ‘पोस्ट कोड’, म्हणजे सुरू होतानाच्या तपासणीचा टप्पा सांगणारा आकडा, वाचायचा. १२ म्हणजे कार्डानं स्वतःची तपासणी संपवली आणि ते आता होस्टकडून प्रणाली मागतंय. कोड त्याआधीच्या एखाद्या आकड्यावर खिळून राहिला तर दुखणं सॉफ्टवेअरचं नाही. आम्ही वीजजोडण्या बघतो. ३०० वॉटच्या ७१२०पीचं गणित असं : स्लॉटमधून ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०, सहा पिनांच्या जोडणीतून ७५. एक सैल असली तरी गणित चुकलं. ‘स्टेट’मध्ये ‘लॉस्ट’ दिसलं तर कार्डावरचं लिनक्स कोसळलंय. तेव्हा लगेच ‘रिसेट’ लिहू नका, आधी होस्टचा कर्नल लॉग जपून ठेवा. ‘रिसेट फेल्ड’ आलं तर होस्ट नुसतं रीबूट करून बहुतेकदा भागत नाही, कारण स्लॉटची वीज तशीच राहते. यंत्र पूर्ण बंद करायचं, वायर काढायची, मिनिटभर थांबायचं.

कोसळलेल्या कार्डाची मेमरी-नक्कल होस्टच्या /व्हार/क्रॅश/मिकमध्ये जमा होते, मूळ मांडणीत मर्यादा १६ गिगाबाइट. रूट पार्टिशन ५० गिगाबाइटचं असेल तर आठवडाभर कोसळणारं कार्ड होस्टलाही अडचणीत आणू शकतं. ही मर्यादा आम्ही पहिल्या दिवशीच कमी करतो.

२०१४ च्या अखेरीस ३१एस१पी हे मॉडेल परदेशात फार स्वस्तात निघालं आणि आमच्या कामाचा रोख वाऱ्याकडे वळला. ५७ कोर, २७० वॉट आणि पंखा नाही. नावातला शेवटचा ‘पी’ म्हणजे पॅसिव्ह. ही कार्डं रॅक सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी केलेली, लोकांनी ती टॉवर कॅबिनेटमध्ये घातली. मोठा पंखा कार्डाकडे तोंड करून ठेवला तर हवा बाजूनं निघून जाते, उष्णता सोडणाऱ्या पट्ट्यांच्या अरुंद फटींतून ती दाबानंच ढकलावी लागते. आम्ही कार्डाच्या मागच्या टोकाला ब्लोअर आणि पॉलिकार्बोनेटचा नळ बसवतो, जोडावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी फिरवतो. एक बोटभर फट राहिली तरी पूर्ण भारावर तापमान चढत जातं आणि कार्ड स्वतःहून वेग उतरवतं. प्रोग्राम मंद झाल्याची तक्रार आली की आमची माणसं कोड उघडण्याआधी ‘मिकएसएमसी’ या देखरेखीच्या साधनावर तापमान बघतात.

मंदपणाची दोन कारणं मात्र वापरातलीच असतात. कार्डाची मूळ फाइलप्रणाली त्याच्याच मेमरीत राहते. /टीएमपीमध्ये ३ गिगाबाइटचा डेटा टाकला तर प्रोग्रामसाठी तेवढी मेमरी गेली, आणि रीबूट झाल्यावर डेटाही गेला. मोठा डेटा होस्टवरून एनएफएसनं (नेटवर्कवरून फाइली वापरायच्या पद्धतीनं) जोडायचा. दुसरं, ऑफलोड पद्धतीत, म्हणजे होस्टवरचा प्रोग्राम जड भाग कार्डाकडे सोपवतो तेव्हा, ६० कोरपैकी एक कार्डाच्या प्रणालीसाठी मोकळा सोडायचा : २४० थ्रेड नाही, २३६. एवढ्या बदलानं वेळेतली चढउतार थांबलेली आम्ही बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे.

पुढे इंटेलनं ही कार्डं बंद केली आणि लिनक्स ५.१० मध्ये, २०२० च्या शेवटी, मुख्य कर्नलमधून मिक ड्रायव्हर काढून टाकले गेले. ज्यांचा कोड या कार्डांवर बसलेला आहे त्यांच्यासाठी आम्ही सेंटओएस ७ आणि त्याचं ३.१० कर्नल गोठवून ठेवतो. यम या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या मांडणीत कर्नल वगळायची ओळ टाकतो, नाहीतर एका अपडेटनं मॉड्यूल निरुपयोगी होतं आणि स्रोत पॅकेजवरून परत बांधावं लागतं. सेंटओएस ७ ची मुदत जून २०२४ ला संपली, त्यामुळे ही यंत्रं बाहेरच्या जाळ्याला जोडूच देत नाही.

नवीन काम आता इतर प्रवेगक कार्डांचं आहे. कर्नल ६.२ पासून, २०२३ मध्ये, त्यांच्यासाठी ‘एक्सेल’ ही स्वतंत्र उपप्रणाली आली आणि /डेव्ह/एक्सेल/ खाली उपकरणं दिसू लागली. कार्ड कोणतंही असो, पीसीआयच्या सर्वसाधारण फाइली तशाच आहेत : ‘करंट लिंक विड्थ’, ‘करंट लिंक स्पीड’, ‘रिमूव्ह’, ‘रीस्कॅन’. रुंदी १६ ऐवजी ४ दिसली तर कार्ड काढून स्लॉट साफ करून परत बसवा. जुन्या झिऑन फायवर वेग ५ जीटी (सेकंदाला पाच अब्ज हस्तांतरणं) दिसला म्हणून घाबरू नका, ते पीसीआय एक्सप्रेस २.०चंच कार्ड आहे.

देखभालीसाठी यंत्र पाठवण्याआधी ‘स्टेट’ आणि ‘पोस्ट कोड’ या फाइलींतला मजकूर, कर्नल लॉगच्या शेवटच्या शंभर ओळी आणि रीजन ०चा आकार एवढं लिहून पाठवा. बऱ्याचदा यंत्र हलवावंच लागत नाही.