टाचेला दोन टिचक्या

मंगळवार, रात्री

आज सकाळी तलावाच्या वेगवान लेनमध्ये पोहताना कोणीतरी मागून माझ्या टाचेला दोनदा टिचकी मारली. बस्स, एवढंच. यात लिहिण्यासारखं काही नाही हे मलाही कळतंय. पण दिवसभर ती टाच जागी आहे आणि आता मीही जागी आहे, म्हणून वही काढली.

लेनमध्ये पोहणाऱ्या माणसाला या टिचकीचा अर्थ सांगावा लागत नाही. एका लेनमध्ये तिघे-चौघे असले की सगळ्यांनी एका कडेने जायचं आणि दुसऱ्या कडेने परत यायचं. मागच्याला पुढं जायचं असेल तर तो पुढच्याच्या पायाला हलकेच बोट लावतो. ज्याला बोट लागलं त्यानं भिंतीशी पोचल्यावर कोपऱ्यात सरकायचं आणि वाट द्यायची. पाण्यात हाका मारता येत नाहीत, म्हणून केलेली ही सोय. मी स्वतः आजवर कितीतरी जणांना बोट लावलंय, आणि लावून पुढं गेल्यावर त्यांचा एकदाही विचार केलेला नाही. आज एकेकाचा करत बसलेय. निळ्या टोपीचे ते काका विशेष आठवले. ते नंतर यायचे बंद झाले. बदली झाली असेल.

तर मी कोपऱ्यात सरकले, ती गेली. विशीतली असेल. टर्न घेताना भिंतीवर पाय टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. जाता जाता "थँक्यू काकू" म्हणाली, अगदी मनापासून. ते काकू प्रकरण आज नको, त्याच्यावर वेगळी वही लागेल.

तिचा राग आलेला नाही, हे मी तपासून पाहिलंय. तिनं सगळं रीतसर केलं. पायाच्या मध्येमध्ये हात घालणारे, मधूनच घुसून पुढं जाणारे आणि मग आपल्याच नाकासमोर दमून थांबणारे लोक मी पाहिलेत. त्यांचा राग येतो आणि कपडे बदलेपर्यंत जातो. हे तसं नाही. हे कपडे बदलून, कामावर जाऊन, परत येऊन, जेवून झालं तरी आहेच.

संध्याकाळपर्यंत कारणं जमवली. उजवा खांदा कुरकुरतोय. काल झोप नीट झाली नव्हती. गॉगलमध्ये पाणी शिरत होतं. सगळी खरी आहेत, आणि खरी असूनही त्यांच्याकडे बघितलं की बिचारी वाटतात. ताईला फोन करणार होते. नंबर काढला आणि ठेवून दिला. तिच्या गुडघ्यानंतर पोहण्याचा विषय आमच्यात जरा… असो.

मला लागलंय ते असं: टिचकी बसली नेमकी त्या वेळी माझ्या मनात चाललं होतं, की आज छान जमतंय. खरंच जमत होतं. हात पाण्यात शिरताना बुडबुडे येत नव्हते. श्वासाला मान वळवली की पाण्याची रेघ बरोबर एका गॉगलच्या मधोमध, एक डोळा वर, एक खाली. तळाची काळी पट्टी सावकाश मागं सरकत होती. पाय मारतोय असं वाटतच नव्हतं, ते आपापले चालले होते. अशी लांबी, म्हणजे तलावाच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंतचं पोहणं, रोज मिळत नाही. आठवडा-आठवडा नुसतं पाणी ढकलण्यात जातो, आणि मग एखाद्या सकाळी अचानक पाणी आपल्याला ठेवून घेतं. आज ती सकाळ होती. आणि त्या सकाळीच मागून टकटक. बाई, जरा बाजूला व्हा.

वाईट पोहत असताना टिचकी बसली असती तर काही वाटलं नसतं. बरोबरच आहे म्हटलं असतं. पण आपल्याला आपण ज्या क्षणी उत्तम वाटतो, त्याच क्षणी बाहेरून आपण वाटेतली अडचण असतो, हे जरा जास्त झालं.

घड्याळाचा आलेख आत्ताच पाहिला. पाहायला नको होता, पण ते ठरवून होत नाही. सगळ्या पोहण्यात माझा वेग जिथं सगळ्यात कमी, तीच ती छान जमलेली जागा.

आणि यात गूढ काही नाही, हे तर आणखी वाईट. पाणी हवेच्या जवळजवळ 800 पट दाट. त्यात वेग वाढवला की पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला पुरून उरायला लागणारी ताकद साधारण घनानं. वेग दुप्पट म्हणजे ताकद आठपट. हेच उलटं धरलं तर वेग नुसता एक दशांश कमी केला की ताकद चौथाईहून जास्त वाचते. म्हणजे मी नकळत थोडीशी मंदावले होते, अंगावरचं ओझं एकदम उतरलं होतं, आणि त्या उतरलेल्या ओझ्यालाच मी माझं कसब समजत होते. पाणी मला ठेवून घेत होतं कारण मी त्याच्याशी भांडायचं सोडलं होतं.

इथपर्यंत लिहून थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले.

बरं, पण हात कमी लागले होते. तेही घड्याळच सांगतंय. एरवीपेक्षा कमी हातांत लांबी पार झाली. म्हणजे प्रत्येक हातामागे जास्त अंतर कापलं गेलं, घसरत लांब गेले. नुसतं मंदावून हे होत नाही. किंवा होत असेल. मंद गेलं की हात लांबवायला वेळ मिळतोच. मी वकील असते तर दोन्ही बाजूंनी फी घेतली असती.

एक गोष्ट मात्र दुपारी काम करता करता सुचली आणि मोठ्यानं हसू आलं. समोरच्यानं विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. पुढं पोहणाऱ्यानं पाणी फोडलेलं असतं, त्यामुळे त्याच्या पायांशी लागून पोहणाऱ्याला विरोध कमी होतो आणि बरेच श्रम वाचतात. सायकलवाले वाऱ्यासाठी करतात तेच. म्हणजे टिचकी मारेपर्यंत बाईसाहेब माझ्याच पाण्यावर येत होत्या. मी नांगरत होते, त्या मागून फिरायला निघालेल्या. तिला मी हळू वाटले त्यात थोडा हात माझाच होता की! हे तिला सांगायची सोय नाही. सांगितलं तर अजून एकदा थँक्यू काकू.

आणि मग मी काय केलं, तर ती गेल्यावर भिंतीला पाय लावून तिच्या मागोमाग सुटले. शहाण्या माणसानं दहा सेकंद थांबून अंतर ठेवायचं असतं. मी थोडंच ठेवलं. पुढं तिचे तळपाय, पांढरे, सुरकुतलेले, त्यांच्याभोवती बुडबुड्यांची माळ, आणि मध्ये एक जागा जिथं पाणी चक्क मऊ होतं. ढकलावं लागत नव्हतं, आत ओढल्यासारखं व्हायचं. अर्ध्या लांबीपर्यंत टिकले असेन. मग पाय लांब गेले, बुडबुडे विरले, पाणी पुन्हा आपलं नेहमीचं कडक झालं. पण तेवढा वेळ इतकी मजा आली! छातीत धाडधाड, तोंडात पाणी, खांदा विसरलेला. ती जमलेली लांबी सुंदर होती, ही नुसती धमाल होती. दोन्हींत पाच मिनिटांचं अंतर नसेल. दिवसभर मी पहिलीसाठी हळहळतेय आणि दुसरीची आठवण आत्ता लिहिताना आली. हे काय आहे?

जोमाच्या व्यायामाची खूण अशी सांगतात, की मध्येच दम घेतल्याशिवाय दोन-चार शब्दांच्या वर बोलता येत नाही. पाण्यात तोंड घातलेल्या माणसाला ही कसोटी कशी लावायची कोण जाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात मोठ्या माणसानं आठवड्याला मध्यम व्यायाम 150 ते 300 मिनिटं करावा किंवा जोमाचा 75 ते 150. म्हणजे जोमाचं एक मिनिट मध्यमाच्या दोन मिनिटांबरोबर. सकाळी कपडे बदलताना हा हिशोब डोक्यात येऊन मी उगीचच घाबरले होते, की लेन बदलावी लागली तर मिनिटांची किंमत निम्मी होणार. वेडेपणा. जोम हृदयाचा मोजतात, लेनच्या पाटीचा नाही. तीच लांबी त्या पोरीला हवापालट असेल आणि मला दम काढणारी. त्यात पाण्यात आडवं असताना, पाण्याच्या दाबानं रक्त छातीकडे ढकललं जात असताना, ठोके जमिनीवरच्यापेक्षा थोडे कमीच पडतात. म्हणून घड्याळातला आकडा कमी दिसला म्हणजे आळस केला असं होत नाही. त्या घड्याळाला मनगटावरून पाण्याखाली ठोके नीट कळतात यावर माझा तसाही विश्वास नाही. वेगाच्या बाबतीत मात्र लगेच बसला, हे लिहिताना लक्षात आलं.

मग जेवणानंतर, अशा वेळी सगळेच करतात तसं, संथ लोकांची उदाहरणं शोधत बसले. कॅप्टन मॅथ्यू वेब. 1875 च्या ऑगस्टमध्ये डोव्हरहून निघून इंग्लिश खाडी पोहून पार करणारा पहिला. 21 तास 45 मिनिटं लागली, आणि गडी ब्रेस्टस्ट्रोकनं गेला. आमच्या लेनमध्ये असता तर सकाळभर कोपऱ्यातच उभा राहिला असता. दुसऱ्या जपानच्या मिएको नागाओका. 2015 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांनी 1500 मीटरची फ्रीस्टाइल शर्यत पुरी केली, 1 तास 15 मिनिटं 54 सेकंदांत, आणि सगळी पाठीवर पोहून. फ्रीस्टाइलमध्ये कुठलीही स्टाइल चालते, त्यांनी आपल्याला सोपी ती घेतली. पोहायला लागल्या त्याच ऐंशीच्या आसपास, गुडघा दुखावला म्हणून. हे ताईला पाठवावंसं वाटलं. नाही पाठवलं.

अशा बाईबद्दल वाचून उभारी यायला हवी. मला आधी एवढंच सुचलं, की शंभर वर्षांच्या माणसाचा आधार शोधायची वेळ आली म्हणजे प्रकरण गंभीर आहे. मग दुसरं सुचलं, आणि ते जरा बरं होतं. पाठीवर पोहणाऱ्याला पुढची भिंत दिसत नाही. वरची निशाणांची दोरी गेली की हात मोजत जायचं आणि भिंतीवर भरवसा ठेवायचा. सव्वा तास त्या तसंच करत होत्या, दर लांबीला. आपण किती हळू चाललोय हा विचार त्यांच्या डोक्यात आला असेल का? आला असेलही. हात मोजताना बाकीचं फार सुचत नाही, एवढं मी अनुभवानं सांगू शकते.

वेगवान लेन सोडायची, असं जवळजवळ ठरलंय. "ठरलंय" लिहिल्यावर पोटात थोडं ढवळलं, पण लिहिलं. तिथं मी पाच-सहाजणांचं पाणी फोडत फिरतेय, त्यात ना त्यांचा फायदा ना माझ्या खांद्याचा. कधीतरी नुसती धमाल करायची हुक्की आली तर जाईन, सगळ्यांच्या शेवटी लागून, कोणाच्या तरी बुडबुड्यांत. फुकटच्या पाण्यावर मीही जाऊन बघेन की.

आता मधल्या लेनचं. ती सकाळी जास्त भरलेली असते, हे कोणी सांगत नाही. दोघे ब्रेस्टस्ट्रोकवाले पाय असे फाकवतात की शेजारून जाणाऱ्याच्या बरगडीत बसतात. शिवाय एक गृहस्थ आहेत, ते दर दोन लांब्यांनी भिंतीला टेकून उभे राहतात आणि जो थांबेल त्याला त्याच्या हातांत काय चुकतंय ते समजावून सांगतात. स्वतःचं पोहणं यथातथाच. मागच्या खेपेला दुरूनच माझ्या कोपराकडे बघत होते. तेव्हा मधल्या लेनमध्ये भिंतीशी थांबायचंच नाही, टर्न घेऊन लगेच निघायचं. म्हणजे दम वाढवावा लागणार.