चिकट बोटं

परवा दुपारी मैत्रिणीच्या गॅलरीत चहा पीत बसले होते. ग्रिलला टांगलेल्या चार कुंड्या, चारींत पिटुनिया. गप्पा तिच्या सासूबाईंच्या गुडघ्यांवर चालल्या होत्या. मध्येच ती म्हणाली, "अगं, हे काय करतेयस?" बघते तर माझ्या ओच्यात सुकलेल्या फुलांचा ढीग. बोलता बोलता दोन कुंड्या साफ केल्या होत्या मी.

बोटं चिकट झाली होती. पिटुनियाचा हा चिकटा साबणाला सहजी दाद देत नाही, आणि त्याला एक हिरवट, उग्र वास असतो. त्या वासानं मला थेट त्र्यंबक रोडला नेऊन उभं केलं.

कॉलेज संपल्यावर, २०१७ च्या दिवाळीनंतर, मी चार महिने तिकडच्या एका फुलांच्या बागेत नोकरीला होते. माझं पद गाइड, काम शिट्टी वाजवण्याचं. सकाळी त्र्यंबकेश्वराचं दर्शन उरकलेली मंडळी कपाळावरच्या गंधासकट दुपारी बसनं आमच्या फाटकाशी उतरायची. प्रत्येक बसला मी पाठ केलेलं म्हणून दाखवायचे की मोगलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, म्हणजे फुलबागांचं शहर. लगेच कुणीतरी विचारायचं, "मग गुलाब कुठायत?" गुलाब तिकडं दिंडोरीच्या बाजूला, जानोरी-मोहाडीच्या पॉलिहाउसमध्ये, खोक्यांत बसून बाहेरगावी जायच्या तयारीत. आमच्याकडं पिटुनिया.

दुसरा ठरलेला प्रश्न, "वास का येत नाही?" येतो की! पण जांभळ्याला, पांढऱ्याला, तोही दिवस मावळल्यावर. आणि आम्ही सहाला फाटक लावायचो.

तिसरा, "एकूण फुलं किती?" मालकांनी पाटीवर 'लाखो' लिहून सुटका करून घेतली होती. सहलीला आलेल्या एका झेडपी शाळेतल्या पोरानं मात्र ते मनावर घेतलं. वाफ्याच्या कडेला उकिडवा बसून बोट नाचवत तो ३१२ पर्यंत पोचला आणि गुरुजींनी हाक मारली. जाताना मला बजावून गेला, "तीनशे बाराच्या पुढून धरा."

वाफ्यांत काम करणाऱ्या मावशा गिरणाऱ्याकडच्या, टोमॅटोची खुडणी आवरून आलेल्या. त्यांच्यातल्या एकीनं पहिल्याच दिवशी पान चुरगळून नाकाशी धरलं. "ताई, हे तं टमाट्याच्या घरचंच दिसतंय." मी हसले. रात्री मोबाइलवर शोधलं, तर खरंच! टोमॅटो, मिरची, वांगं, तंबाखू आणि पिटुनिया, सगळी एका कुळातली. नावसुद्धा दक्षिण अमेरिकेतल्या तंबाखूच्या एका जुन्या शब्दावरून आलेलं. दुसऱ्या दिवशी हे ऐकवल्यावर मावशींनी मिश्रीची डबी उघडली आणि म्हणाल्या, "मंग हे बी आपल्यातलंच."

खुडायला त्यांनीच शिकवलं. नुसत्या वाळक्या पाकळ्या ओढायच्या नाहीत, खालच्या बोंडासकट देठ तोडायचा. बोंड राहिलं की झाड बी धरतं आणि फुलायचं विसरतं. बी तरी केवढं! ग्रॅमभर घेतलं तर दहा हजारांच्या आसपास भरतं. शिंक आली की वाफा गेला.

शिट्टी वाजवताना मला आजी आठवायची. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात फुलझाड एकही नव्हतं आणि आजीच्या देवांना फुलं मात्र ताटभर लागत. पहाटे ती छत्रीच्या मुठीनं शेजारच्या कंपाउंडातली जास्वंदीची फांदी वाकवायची आणि मी कोपऱ्यावर उभी राहून मालक येतात का ते बघायचे. तिचे कायदे कडक. फुलाचा वास घ्यायचा नाही. खाली पडलेलं चालत नाही, प्राजक्त सोडून. चोरीबद्दल कायदा नव्हता. पुढं माझा पगार निघाला तो नेमका आजीसारख्यांनाच अडवण्यासाठी.

जानेवारीत एक म्हातारी आली, नऊवारीतली, बरोबरची माणसं कमानीखाली फोटोत गुंतलेली. तिनं इकडंतिकडं बघून एक पांढरं फूल तोडलं. मी सवयीनं शिट्टी फुंकली, जोरात. ती दचकली. हातातल्या फुलाकडं बघितलं, आणि वाकून ते पुन्हा त्या तुटल्या देठावर टेकवायला लागली. पडलं. परत टेकवलं. चिकटा होताच, तेव्हा क्षणभर राहिलंही. मग माझ्याकडं न बघता पदराला हात पुसत निघून गेली.

"साबण देऊ का?" मैत्रिणीनं विचारलं.

"नको, राहू दे," म्हटलं आणि खुर्ची फिरवून उरलेल्या दोन कुंड्यांकडं पाठ करून बसले. सासूबाईंचा डावा गुडघा अजून बाकी होता.