वीस साड्या घेऊन वढू बुद्रुकला

क्वार्टर गेटला रिक्षातून उतरताना मावशीच्या हातातल्या पिशवीचा बंद तुटला आणि आईची मोतिया रंगाची इरकल फुटपाथवर पसरली. मावशीने ती उचलली, झटकली, घडी घातली. मग म्हणाली, "तिला जायचं नाहीये बहुतेक."

आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. कपाट उघडायचं मी टाळत होते. शेवटी मावशीच एका दुपारी पदर खोचून आली आणि संध्याकाळपर्यंत वीस साड्या बाजूला निघाल्या. द्यायच्या कुणाला? हल्ली कामवाल्या बायकाही ड्रेस घालतात. तेव्हा मला शाळेत मराठी शिकवणाऱ्या सिस्टर आठवल्या. वय ब्याऐंशी, मुक्काम कॅम्पातलं कॉन्व्हेंट, फोन दुसऱ्या रिंगला उचलतात. त्या म्हणाल्या, "या की. पण आधी चहाला या, साड्यांचं मग बघू."

मी फोन ठेवल्यावर मावशीने हळूच विचारलं, "तिथं बाटवत नाहीत ना गं?"

मावशी शहात्तर वर्षांची आहे आणि तिचं सगळं आयुष्य सदाशिव पेठेत गेलं आहे. हा प्रश्न तिने दिवसभरात तीनदा विचारला.

वाटेत तिला मुद्दाम नाना पेठेतलं सिटी चर्च दाखवलं. तिची समजूत अशी, की चर्च म्हणजे इंग्रजांनी आणलेली गोष्ट. हे चर्च 1792 सालचं आहे. पुण्यात इंग्रजांचं राज्य यायला तेव्हा अजून पंचवीस वर्षं होती. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे बरेच कॅथलिक होते, त्यांना प्रार्थनेसाठी जागा हवी होती आणि ती जमीन दिली सवाई माधवरावांनी. मावशी फाटकाशीच थांबली. "पेशव्यांनी दिली? कागद आहे?" मी म्हटलं, असेलच. तिने चपला काढून आत जाऊन नमस्कार केला. चर्चमध्ये चपला काढायची गरज नसते, हे सांगायचा धीर मला झाला नाही.

बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे हेच का ते पंचहौद?" नव्हे. पंचहौद मिशन गुरुवार पेठेत आणि ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या लोकांचं. पण तिचं चुकलं तरी विषय बरोबर निघाला. 1890 साली गोपाळराव जोशी नावाच्या खटपट्या गृहस्थांनी पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना तिथे व्याख्यानाला नेलं आणि पुढे चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी कपाला नुसता हात लावला. नंतर गोपाळरावांनी सगळ्यांची नावं छापून आणली! टिळक होते, रानडे होते. मिशनमधला चहा प्यायले म्हणून ग्रामण्य झालं, म्हणजे वाळीत टाकायचा वाद पेटला, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा पुण्याला दोन वर्षं पुरला.

कॉन्व्हेंटमध्ये मावशीने दोन कप घेतला, वर साखर मागितली.

सिस्टर मूळच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या, मतमाउलीची (मारियामातेची) यात्रा भरते त्या हरेगावच्या बाजूच्या. इतकी वर्षं पुण्यात राहूनही बोलणं नगरीच. आम्ही शाळेत त्यांना भीत होतो. आता त्या वॉकर घेऊन चालतात आणि भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "हे बघ, आज माझी पाळी भाजी निवडायची." फळ्यावर आठ जणींची नावं आणि समोर कामं लिहिली होती: स्वयंपाक, चॅपेल (कॉन्व्हेंटमधलं प्रार्थनाघर), आजारी सिस्टरांचं औषध, पाहुणे, बाग. सुपिरियर, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख असलेल्या सिस्टरांचं नाव भांड्यांसमोर होतं. मावशीने ते दोनदा वाचलं.

मग मावशीची उलटतपासणी सुरू झाली. घर कधी सोडलं? एकोणिसाव्या वर्षी. वडील वर्षभर बोलले नाहीत. व्रतं कसली घेता? दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. पहिली काही वर्षांसाठी, मग कायमची. पगार? तो सगळा सिस्टरांच्या संघाच्या खात्यात. आता पेन्शनही तिथेच. चप्पल तुटली तर सुपिरियरला सांगायचं, त्या पैसे देतात.

"चपलेलासुद्धा विचारायचं?"

"हो. आणि उरलेले परत करायचे."

"मग हे एकत्र कुटुंबच झालं की," मावशी म्हणाली, "फक्त जावा-जावा भांडत नसतील."

सिस्टर इतक्या हसल्या की कप खाली ठेवावा लागला. "कोण म्हणतं भांडत नाही? मिठावरून भांडतो, पंख्यावरून भांडतो. पण सकाळी साडेपाचला चॅपेलमध्ये तिच्याच शेजारी बसायचं असतं. बोलणं टाकून किती दिवस काढणार?"

बदल्यांचं त्यांनी सांगितलं ते मला नवीन होतं. पत्र यायचं, अमुक तारखेला अमुक गावी. एक ट्रंक भरायची आणि निघायचं. वर्गातल्या मुली रडायच्या, ह्या रडायच्या नाहीत. "एसटीत बसल्यावर रडायचे," म्हणाल्या. आम्ही नववीत असताना त्या अशाच एका सोमवारी नाहीशा झाल्या होत्या. आम्हाला वाटलं होतं, आमच्या दंग्याला कंटाळून गेल्या. चाळीस वर्षांनी खुलासा झाला.

मदर तेरेसांच्या सिस्टरांचा विषय निघाला तेव्हा त्या जरा गंभीर झाल्या. "त्यांचं आमच्याहून कडक. आम्हाला तीन व्रतं, त्यांना चौथं आहे. गरिबांतल्या गरिबाची सेवा, मनापासून आणि फुकट." 1950 साली कोलकात्यात तो संघ सुरू झाला. निळ्या काठाच्या त्या पांढऱ्या साड्या टिटागढला कुष्ठरोग झालेली माणसं विणतात. जगभरातल्या त्यांच्या प्रत्येक चॅपेलमध्ये क्रुसाशेजारी 'मला तहान लागली आहे' हे येशूचे शब्द लिहिलेले असतात. सिस्टर तरुणपणी महिनाभर त्यांच्याबरोबर राहून आल्या होत्या. त्यांना सगळ्यांत जास्त काय आठवतं? बादली. "प्रत्येकीची स्वतःची बादली. आंघोळ तिच्यात, कपडे तिच्यात. दुपारी म्हाताऱ्यांची घाण चादर धुवायला बसलो की ओळीने बादल्या. प्रवचन-बिवचन कुणी देत नाही, वेळ कुठाय?"

मावशी गप्प झाली. तिने माझ्या आजीचं अंथरूण चार वर्षं धुतलं होतं. बादली म्हणजे काय, ते तिला सांगावं लागत नाही.

साड्या मात्र सिस्टरांनी घेतल्या नाहीत. "आमच्याकडे कोण नेसणार? वढूला 'माहेर' संस्थेत न्या. तिथं बायका आहेत." मग मावशीकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही पोरीबरोबर जाच."

पुणे स्टेशनहून मेट्रो घेतली. रामवाडीपर्यंतचा हा टप्पा 2024 च्या मार्चमध्ये सुरू झाला. मावशीचा पहिलाच मेट्रोप्रवास. पूल ओलांडताना तिने नदीकडे पाहून नाक मुरडलं, एवढीच नोंद. रामवाडीजवळ नगर रोडला लागून पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठ आहे. पोप तेरावे लिओ यांनी 1893 मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू केलेली ही सेमिनरी 1955 मध्ये पुण्यात आली. देशभरातले होऊ घातलेले फादर इथे तत्त्वज्ञान शिकतात. विमाननगरला जाताना आपण तिच्यावरून हजार वेळा गेलेलो असतो. ज्ञानदीपमध्ये शिकवणारे येशूसंघीय (जेझुइट) फादर फ्रान्सिस डिसा यांची 'माहेर' उभं राहताना मोठी साथ होती, त्यामुळे वाट काही अगदीच वाकडी नव्हती.

खराडी बायपासला शिरूरची एसटी मिळाली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मावशी राजमातेच्या थाटात आधार कार्ड काढून बसली. वाघोलीत पाऊण तास गेला. वाघोलीबद्दल याहून जास्त लिहिणार नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. कोरेगाव भीमाला उतरून वढू बुद्रुकला टमटम. चौघांच्या जागेत सात जण आणि आमच्या तीन पिशव्या.

वढूला आलं की आधी संभाजी महाराजांची समाधी. मावशीच्या मते यावर चर्चा होऊ शकत नाही. 1689 च्या मार्चमधली ती हत्या, भीमेकाठचा हा मुलूख, ऊन. दोघी दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहिलो.

'माहेर'ची गोष्ट मी तिला टमटममध्ये सांगितली होती, आवाजामुळे अर्धी ओरडून. होली क्रॉस संघातल्या सिस्टर ल्यूसी कुरियन मूळच्या केरळच्या, कण्णूर जिल्ह्यातल्या. 1991 साली त्या पुण्यात बायकांसाठीच्या एका संस्थेत काम करत होत्या. एक गरोदर बाई आली. नवरा मारणार आहे, आजची रात्र ठेवून घ्या, म्हणाली. ठेवून घ्यायचा अधिकार सिस्टरांना नव्हता. उद्या ये, म्हणाल्या. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवलं. सिस्टरांनी तिला इस्पितळात नेलं, पण ती गेली आणि पोटातलं बाळही. पुढे सहा वर्षांनी, 1997 मध्ये, वढू बुद्रुकला पहिलं घर उघडलं. नाव ठेवलं माहेर. मल्याळी बाईने शोधलेला हा मराठी शब्द. आपल्याकडे मारझोड झालेल्या बाईला माहेरचेच परत पाठवतात, 'नांदायला जा' म्हणून. त्या शब्दाला काय व्हायला हवं होतं, ते या बाईने घर बांधून दाखवलं.

फाटकाशी आम्हाला भेटलेल्या ताईंनी पहिली गोष्ट सांगितली: आत राहणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत. माझा फोन हातात होता. मी तो पर्समध्ये टाकला आणि जरा लाज वाटली, कारण ब्लॉगसाठी फोटो हे गृहीतच धरून आले होते.

आत चपला बाहेर, बसायला सतरंजी. भिंतीवर सगळ्या धर्मांची चिन्हं शेजारी-शेजारी. इथे सगळ्या जातिधर्मांच्या बायका-मुलं राहतात आणि सण सगळ्यांचे होतात. मावशीने विचारायला तोंड उघडलेलं मी पाहिलं. तेवढ्यात आतून कुणीतरी हरिपाठ गुणगुणत भांडी नेली आणि तिने तोंड मिटलं. चौथ्यांदा तो प्रश्न आला नाही.

ताई बोलायला मोकळ्या होत्या. मार खाऊन आलेल्या काही बायकाच पुढे इथल्या घरांच्या आया होतात, मुलांना सांभाळतात. मनाचा तोल गेलेल्या, रस्त्यावर सापडलेल्या बायकांसाठी वात्सल्यधाम आहे. त्यातल्या कितीतरींना स्वतःचं नाव आठवत नाही, गाव तर दूरच. कुणाला वर्षभराने एकदम एखादं स्टेशन आठवतं, एखादं देऊळ आठवतं, आणि मग शोध सुरू होतो. "घर सापडतं," ताई म्हणाल्या, "पण घरचे दरवेळी दार उघडतातच असं नाही."

आता खरं सांगायचं तर साड्यांचा मला थोडा अभिमान होता. चांगल्या साड्या, इस्त्रीच्या. ताईंनी सराईतपणे ढीग केले. सुती आठ, त्या चालतील. सिंथेटिक सहा, त्याही. रेशमी आणि इरकल बाजूला. "यांचं काय करू सांगा. धुवायला कठीण. पुढच्या वेळी गाऊन आणा, सॅनिटरी पॅड आणा, तांदूळ आणा." बरोबरच होतं. वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्या आणि फोटो काढून जाणाऱ्या लोकांना मी नावं ठेवते, पण मीही माझी अडगळच आणली होती, फक्त घडी घालून.

कोपऱ्यात एक बाई काहीतरी शिवत बसली होती. ती उठून आली आणि तिने ती मोतिया इरकल हातात घेतली. काठ बोटांनी तपासला. "हिची गोधडी नका करू," म्हणाली. मग मावशीकडे पाहून, आपल्याकडे कुठलीही बाई कुठल्याही बाईला विचारते तसं, तिने विचारलं, "तुमचं माहेर कुठलं, आजी?"

"सदाशिव पेठच," मावशी म्हणाली. "गल्ली बदलून दिली मला. आता कुणी नाही तिथे. बहीण होती, तिचीच ही साडी."

बाईने साडी मावशीच्या मांडीवर परत ठेवली. "मग ही तुम्ही ठेवा. आणि येत जा इकडं."

मावशीने ती ठेवली. पिशवीचा बंद तुटलेलाच होता, म्हणून छातीशी धरून आणली टमटममध्ये.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. वाघोली अजून तुंबलेलीच. माझा डोळा लागला होता, मावशीच्या आवाजाने जाग आली. ती कंडक्टरला थांबवून विचारत होती, "काय हो, ही गाडी रविवारीपण असते का?"

"असते की आजी. आधार दाखवा."