फ्लॅशमध्ये अडकलेली साइट सोडवताना

१२ जानेवारी २०२१. कोकणातल्या एका रिसॉर्टचा फोन: साइट उघडली की करडी चौकट आणि मध्ये फ्लॅशचं (वेबपानावर हलती चित्रं आणि आवाज चालवणाऱ्या जुन्या तंत्राचं) चिन्ह, बाकी काही नाही. खरं तर बिघडलं काहीच नव्हतं. ३१ डिसेंबर २०२०ला फ्लॅश प्लेयर बंद होणार हे अडोबीने जुलै २०१७मध्येच सांगितलं होतं. १२ जानेवारीपासून चित्र चालवायचं नाही, ही तारीखसुद्धा नव्या प्लेयरच्या आतच घातलेली होती.

मूळ एफएलए फाइल, म्हणजे जिच्यात बदल करता येतात ती, कुणाकडेच नव्हती. सर्व्हरवर होत्या त्या फक्त तिच्यातून तयार झालेल्या एसडब्ल्यूएफ, म्हणजे चक्कीतून बाहेर पडलेलं पीठ. पहिली फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. सुरुवातीची तीन अक्षरं सीडब्ल्यूएस, म्हणजे झेडलिब या पद्धतीने दाबून लहान केलेली फाइल. चौथ्या बाइटमध्ये फ्लॅशची आवृत्ती: ८. हा आकडा पाहून जीव भांड्यात पडला. फ्लॅशच्या प्रोग्रॅमिंग भाषेची तिसरी पिढी, ॲक्शनस्क्रिप्ट ३, आली ती नवव्या आवृत्तीत, त्यामुळे इथे जुनं ॲक्शनस्क्रिप्टच असणार, आणि रफल हा एम्युलेटर, म्हणजे प्लेयरशिवाय फ्लॅश फाइली चालवणारा प्रोग्रॅम, ते बऱ्यापैकी चालवतो.

रफल लावला तरी पडदा कोराच. रफलची वेबअसेंब्लीची (ब्राउझरात चालणाऱ्या तयार कोडची) फाइल सर्व्हर चुकीच्या माइम टाइपने, म्हणजे फाइलचा प्रकार चुकीचा सांगून, देत होता. योग्य प्रकाराची एक ओळ सेटिंगमध्ये घातल्यावर चित्रातली होडी हलू लागली. मात्र 'खोल्या' दाबलं की पुन्हा काही नाही. मुख्य चित्रपट्टी लोडमूव्ही या आज्ञेने दुसरी फाइल मागवत होती, कॅपिटल अक्षराने सुरू होणाऱ्या नावाने. साइट मधल्या काळात विंडोजवरून लिनक्सवर हलली होती आणि तिथे फाइलचं नाव लहान (स्मॉल) अक्षरांत होतं. विंडोजला हा फरक कळत नाही, लिनक्सला कळतो. लाटांचा आवाजही येईना, कारण क्लिक झाल्याशिवाय आजचे ब्राउझर आवाज वाजू देत नाहीत.

संध्याकाळपर्यंत साइट दिसू लागली. दुखणं तिथे संपलं नव्हतं. सगळ्या साइटला पत्ता एकच, त्यामुळे बॅक दाबलं की माणूस थेट बाहेर. दरपत्रकाची लिंक कुणाला पाठवता येत नाही. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी, कारण मंच, म्हणजे फ्लॅशची चित्रचौकट, ७८० बाय ४२० पिक्सेलचा ठरलेला.

मजकूर काढायला एफएफडेकमध्ये, म्हणजे एसडब्ल्यूएफ उलगडून आतला ऐवज काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फाइल उघडली. फोटो आणि ध्वनी सहज निघाले. मराठी मजकुराच्या जागी होते नुसते आकार. दहाव्या आवृत्तीच्या आधी फ्लॅशला देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट मांडता येत नसत. म्हणून डिझायनर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करायचे आणि दोनदा 'ब्रेक अपार्ट' ही फ्लॅशची आज्ञा देऊन अक्षरांची चित्रं करून टाकायचे. छपाईत शोभावं असं वळण पडद्यावर दिसायचं, पण शोधयंत्राला त्यात 'मालवण' हा शब्द सापडणार कसा? सगळा मजकूर पडद्याकडे बघून पुन्हा टाइप करावा लागला.

तरी त्या डिझायनरला नावं ठेवू नयेत. इंटरनेट एक्स्प्लोरर ६च्या काळात प्रत्येक ब्राउझरवर पान हुबेहूब सारखं दिसण्याची खात्री दुसरं काय देत होतं? व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणिताने साठवलेलं चित्र, असल्यामुळे होडीची अख्खी हालचाल किरकोळ वजनात बसलेली. वजन वाढवलं होतं ते फोटो आणि आवाजाने: ३०० केबी, म्हणजे ५६ केच्या मोडेमवर प्रीलोडर (लोड होईपर्यंत दिसणारं चित्र) बघत जवळजवळ मिनिटभर थांबणं. 'स्किप इंट्रो'चं बटण होतं, पण तेही लोड झाल्यावरच उमटायचं!

पाने साध्या एचटीएमएलमध्ये नव्याने बांधली, प्रत्येक खोलीला स्वतंत्र पत्ता दिला. रफल काढून टाकला. होडी मात्र ठेवली: एफएफडेकमधून एसव्हीजी (वेबवरचं व्हेक्टर चित्र) काढून सीएसएसने, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेने, डोलवली, आणि ज्याने फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सोय चालू केली आहे त्याच्यासाठी ती स्थिर ठेवली. जुन्या एसडब्ल्यूएफ फाइलींचा गठ्ठा मालकांच्या पेनड्राइव्हवर दिला, सोबत नव्या साइटचा सगळा मूळ कोडही.